चहा स्वस्त का आणि लोकर महाग का? आर्थर लुईस यांचा प्रश्न

या मालेतल्या आजच्या व्याख्यानाचा विषय अर्थशास्त्राचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. त्यामुळे आधी थोडा खुलासा करतो. किंमत हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांच्या हाती गेला तो गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. त्याआधी तो आमचाच होता. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात न्यायाची चर्चा करताना विचारलं, की घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांच्यात देवघेव व्हायची तर एका घराला किती जोडे? पुढे मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांनी ‘न्याय्य किंमत’ म्हणजे काय यावर शेकडो पानं लिहिली. मग अर्थशास्त्र आलं आणि म्हणालं, न्याय वगैरे बाजूला ठेवा, मागणी आणि पुरवठा बघा. ठीक आहे. पण प्रश्न काही मिटला नाही. विसाव्या शतकात एका अर्थशास्त्रज्ञाने तोच प्रश्न नव्या रूपात विचारला आणि न्यायाचा शब्दही न उच्चारता असं उत्तर दिलं, की न्यायाचा विचार करणाऱ्याला ते टाळून पुढे जाता येत नाही. त्यांचं नाव विल्यम आर्थर लुईस.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया नावाच्या बेटावरचा. बेट एवढंसं, की नकाशात शोधावं लागतं. पण या बेटाने दोन नोबेल विजेते दिले, लुईस आणि कवी डेरेक वॉल्कॉट, आणि गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख एकच, २३ जानेवारी. लुईस यांचे आईवडील दोघेही शिक्षक. मुलगा सात वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने पाच मुलगे एकटीने वाढवले. आर्थर इतका हुशार, की चौदाव्या वर्षी शाळा संपली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं वय मात्र झालेलं नाही. म्हणून मधली वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली.

शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. पण सरकार काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून घेत नव्हतं आणि गोऱ्यांच्या मालकीचे साखर कारखानेही घेत नव्हते. मग शिकून करायचं काय? म्हणून ते व्यापाराची पदवी घ्यायला १९३३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. अर्थशास्त्र म्हणजे काय हे तिथे गेल्यावर कळलं, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १९३८ मध्ये ते तिथेच अध्यापक झाले. १९४८ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक झाले. ब्रिटनमधल्या विद्यापीठात प्राध्यापकपदावर बसलेला हा पहिला काळा माणूस. पुढे घाना, वेस्ट इंडीज, प्रिन्स्टन, कॅरिबियन विकास बँक असा प्रवास झाला. १९७९ मध्ये नोबेल मिळालं आणि १९९१ मध्ये ते बार्बाडोसमध्ये वारले.

हा झाला चरित्राचा भाग. त्यातला साखर कारखाना तेवढा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता प्रश्नाकडे वळू. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पाया म्हणून जो सिद्धांत शिकवतात तो डेव्हिड रिकार्डो यांचा, १८१७ सालचा. त्यांचं उदाहरण इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू असं होतं. पोर्तुगालला दोन्ही वस्तू इंग्लंडपेक्षा कमी श्रमात करता येत असल्या, तरी प्रत्येकाने ज्यात तुलनेने सरस आहे ते करावं आणि देवघेव करावी. यात दोघांचाही फायदा होतो. सिद्धांत सुंदर आहे आणि तो खोटा नाही. लुईस यांनीही तो खोटा ठरवलेला नाही. पण बघा, दोघांचा फायदा होतो म्हणजे किती-किती होतो? बाजारातून परतताना दोघांच्याही पिशवीत काहीतरी पडलं, हे खरं. एकाच्या पिशवीत मूठभर आणि दुसऱ्याच्या पिशवीत पोतंभर का पडलं? रिकार्डो यांच्या उदाहरणात याचं उत्तर नाही.

१९५० च्या आसपास हा प्रश्न हवेतच होता. अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश आणि जर्मनीतून परागंदा होऊन आलेले हान्स सिंगर या दोघांनी संयुक्त राष्ट्रांत काम करताना जवळजवळ एकाच वेळी एक गोष्ट मांडली. १८७० च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत कच्च्या मालाच्या किमती कारखानी मालाच्या तुलनेत घसरत गेल्या. यालाच व्यापारशर्ती बिघडणं म्हणतात. म्हणजे तेवढंच यंत्र घ्यायला दरवर्षी थोडी जास्त पोती द्यावी लागतात. त्यावर खूप वाद झाला, अजूनही होतो. आकडे कुठल्या सालापासून धरायचे, त्यावर उत्तर बदलतं.

लुईस यांचा प्रश्न वेगळा होता आणि माझ्या मते अधिक खोल होता. प्रेबिश आणि सिंगर विचारत होते, किंमत घसरते का? लुईस विचारत होते, ती मुळात एवढी खाली का आहे? पोलाद आणि कॉफी यांचं एकमेकांशी प्रमाण ठरवतं कोण? पाठ्यपुस्तकातलं उत्तर होतं, ग्राहकाला शेवटच्या नगापासून मिळणारी उपयुक्तता ठरवते. लुईस यांचं त्याने समाधान होत नव्हतं.

त्यांच्या डोक्यात दुसराही एक प्रश्न घोळत होता. औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या काही दशकांत इंग्लंडमध्ये नफा वाढत गेला, गुंतवणूक वाढत गेली आणि मजुरी मात्र जवळपास आहे तिथेच राहिली. असं का? नियमाप्रमाणे भांडवल वाढलं की मजुरीही वाढायला हवी. ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना त्यांना अचानक उमगलं, की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ही आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. गृहीतक बदला! मजुरांची संख्या मर्यादित आहे हे गृहीतक सोडून द्या. चालू मजुरीला हवे तेवढे मजूर मिळतात असं धरा, आणि मग काय होतं ते बघा.

यातून १९५४ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या एका नियतकालिकात त्यांचा तो प्रसिद्ध निबंध आला. विकासाच्या अर्थशास्त्रात त्याच्याइतका चर्चिला गेलेला निबंध क्वचितच दुसरा असेल. त्याचा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो. गरीब देशात अर्थव्यवस्थेचे दोन भाग असतात. एका बाजूला घरची निर्वाह शेती, छोटी दुकानं, हमाली, घरकाम. तिथे माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत. चार भावांच्या शेतातून एक भाऊ शहरात गेला, तर उरलेले तिघे तेवढंच पीक काढतील. दुसऱ्या बाजूला कारखाने, मळे, खाणी. तिथली मजुरी कशी ठरते? शेतातल्या माणसाच्या वाट्याला जे येतं त्याहून थोडी जास्त, एवढीच. कारण तेवढ्यावर यायला रांग लागलेली आहे. मग कारखान्याचं उत्पादन कितीही वाढो, वाढीव भाग नफ्यात जातो. तो पुन्हा गुंतवला तर बचतीचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४-५ टक्क्यांवरून १२-१५ टक्क्यांवर जातं आणि देश पुढे सरकतो. हा फरक कसा पडतो हे समजणं, हाच विकासाच्या सिद्धांताचा गाभा असं लुईस म्हणत.

बहुतेक वर्गांमध्ये शिकवणं इथेच थांबतं. पण निबंधाचा शेवटचा भाग आंतरराष्ट्रीय व्यापाराचा आहे आणि आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय. तिथे एक हिशेब आहे. तो मी आपल्या सोयीच्या वस्तू घेऊन मांडतो. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या, पण पाढे येणाऱ्याला तोंडीही जमेल.

दोन देश धरा. एक थंड हवेचा, एक उष्ण. दोन्हीकडे माणसं धान्य पिकवतात, हे महत्त्वाचं. थंड देशातला माणूस एका दिवसात ३ माप धान्य काढतो किंवा ३ माप पोलाद करतो. उष्ण देशातला माणूस एका दिवसात १ माप धान्य काढतो किंवा १ माप साखर. आता किमती काय ठरतील? थंड देशात १ माप धान्य बरोबर १ माप पोलाद. उष्ण देशात १ माप धान्य बरोबर १ माप साखर. म्हणून जगाच्या बाजारात १ माप साखर बरोबर १ माप पोलाद. साखरवाल्याला दिवसाच्या कष्टाचं १ माप पोलाद मिळतं. पोलादवाल्याला दिवसाच्या कष्टाची ३ मापं साखर मिळते.

आता समजा, उष्ण देशात साखरेचं संशोधन झालं. नवं बियाणं, नवी गिरणी, आणि एका दिवसात ३ मापं साखर निघू लागली. धान्य मात्र तेवढंच, १ माप. काय होईल? ३ मापं साखर बरोबर १ माप धान्य, बरोबर १ माप पोलाद. साखरवाल्याच्या हाती पूर्वी १ माप पोलाद यायचं, आताही १ मापच. उत्पादकता तिप्पट, मिळकत तीच! आणि थंड देशातल्या माणसाला दिवसाच्या कष्टाची आता ९ मापं साखर मिळते. सगळा फायदा समुद्रापार गेला. कुणी चोरी केली नाही, कुणी लबाडी केली नाही. बाजाराने आपलं काम चोख केलं.

आता उलट करा. साखर तशीच राहू द्या, दिवसाला १ माप. पण धान्य सुधारलं आणि दिवसाला ३ मापं झालं. मग १ माप साखर बरोबर ३ मापं धान्य, बरोबर ३ मापं पोलाद. साखरेला हातही लावला नाही आणि साखर तिप्पट महाग झाली. कारण घरी ३ मापं धान्य काढणारा माणूस १ मापाच्या मजुरीवर उसाच्या मळ्यात येईलच कशाला?

हे आहे लुईस यांचं उत्तर. निर्यातीच्या मालाची किंमत त्या मालात शोधू नका. ती त्या मजुराच्या घरच्या भाकरीत शोधा.

हे त्यांनी काही हवेत मांडलं नव्हतं. साखर ते लहानपणापासून बघत होते. ऊस हे असं पीक, की विज्ञानाने त्याची भरभराट केली. पंच्याहत्तर वर्षांत एकरी उत्पादन जवळपास तिप्पट झालं, असं त्यांनी नोंदवलं आहे. गव्हाची अशी प्रगती झाली नाही. तरी गहू पिकवणारा जगातल्या सुखवस्तू शेतकऱ्यांत मोडतो आणि ऊस तोडणारा अनवाणी, झोपडीत. तुम्ही म्हणाल हा नैतिक संताप आहे. संताप असेलही. १९३० च्या दशकात सेंट किट्स, त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका या बेटांवर मजुरांचे उठाव झाले, त्यावर त्यांनी १९३९ साली पुस्तिका लिहिली होती. पण १९५४ च्या निबंधात संतापाच्या जागी कारण दिलेलं आहे, आणि कारण कळलं की उपाय कुठे शोधायचा ते कळतं.

पुढे १९७८ साली आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्था कशी घडत गेली यावर त्यांचं छोटंसं पुस्तक आलं. मूळ ती व्याख्यानंच. तिथे त्यांनी याच सूत्राला इतिहासाची जोड दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगात माणसांचे दोन प्रचंड लोंढे वाहिले. सुमारे ५ कोटी माणसं युरोप सोडून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना अशा थंड प्रदेशांत गेली. आणि सुमारे तेवढीच, ५ कोटी, भारत आणि चीनमधून उष्ण प्रदेशातल्या मळ्यांवर, खाणींवर, रेल्वेच्या कामांवर गेली.

दोन्ही लोंढे आपापल्या घरची भाकरी मोजून निघाले. युरोपातला माणूस निघाला तेव्हा मागे शेती सुधारलेली होती. १९०० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये एकरी १६०० पौंड गहू निघे. उष्ण प्रदेशात एकरी धान्य ७०० पौंड. म्हणून गोऱ्या माणसाला ऑस्ट्रेलियात न्यायचं तर त्याला घरच्यापेक्षा चांगलं द्यावं लागे. भारतीय माणूस मात्र थोडक्यात यायला तयार होता. लुईस आकडे देतात. १८८० च्या दशकात मळ्यावरच्या मजुराला दिवसाला १ शिलिंग आणि ऑस्ट्रेलियातल्या बांधकामावरच्या बिनकसबी कामगाराला ९ शिलिंग. मग ज्या वस्तू पहिल्याने पिकवल्या त्या स्वस्त झाल्या, दुसऱ्याने पिकवल्या त्या महाग झाल्या. ते म्हणतात, चहा हे थंड हवेचं पीक असतं, तर त्याची किंमत कदाचित चौपट असती. आणि लोकर उष्ण प्रदेशातून आली असती, तर ती कदाचित चौथाई किमतीत मिळाली असती. चहाच्या पानात असं काहीही नाही, ज्यामुळे तो स्वस्त असावा.

इथे कुणी विचारेल, मग भारतीय मजूर ९ शिलिंगांकडे का गेला नाही? कारण जाऊ दिलं नाही. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद केलं. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये कायदा करून आशियाई माणसांना थोपवलं. माल मुक्तपणे फिरत होता, भांडवल फिरत होतं, माणूस मात्र रंग बघून फिरवला जात होता. तेव्हा तो एकच जागतिक बाजार नव्हता. मजुरांचे दोन बाजार होते आणि मधली भिंत कायद्याने बांधलेली होती. मुक्त व्यापाराबद्दल बोलताना ही भिंत विसरून चालणार नाही.

या दुसऱ्या लोंढ्यात आपलीही माणसं होती. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिया मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. लुईस यांच्या सेंट लुशियातही काही हजार भारतीय मजूर उसासाठीच नेले गेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात नाताळसाठीची भरती थांबवण्याचा ठराव आणला, तो मान्य झाला. १९१२ मध्ये गिरमिट पद्धतच बंद करा असा ठराव आणला, तो हाणून पाडला गेला. भरती थांबली ती १९१७ मध्ये. गोखल्यांचा मुद्दा मानवी प्रतिष्ठेचा होता. लुईस यांच्यामुळे त्याला दुसरी बाजू दिसते. या मजुराच्या हलाखीची किंमत जगाने साखरेच्या आणि चहाच्या स्वस्ताईत वसूल केली.

पुण्याचा आणखी एक धागा आहे, तोही सांगतो. १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अविकसित देशांच्या विकासासाठी काय करावं हे सांगायला पाच तज्ज्ञांची समिती नेमली. त्यात लुईस होते. अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ होते. आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्या अहवालात एक परिच्छेद आहे, तो माझ्यासारख्याला बोचतो. वेगाने प्रगती हवी तर वेदना सोसाव्या लागतील, जुनी तत्त्वज्ञानं मोडीत काढावी लागतील, जात, धर्म, वंश यांची बंधनं तुटावी लागतील, असा त्याचा आशय. तत्त्वज्ञान भंगारात घाला असं तीन नामवंत अर्थशास्त्रज्ञ सांगतायत म्हटल्यावर आम्हा मंडळींना जरा वाईट वाटणारच! पण त्यांचा रोख कशावर होता ते पाहिलं की राग जातो. माणसाने कुठलं काम करायचं हे जन्मावरून ठरवणारी जी व्यवस्था, तिच्यावर तो होता.

त्याच सुमाराला गाडगीळ प्रवरेच्या काठी वेगळ्या कामात गुंतले होते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडे होतं. १९५० च्या अखेरीला तिथे गाळप सुरू झालं. सेंट लुशियात साखरेचा कारखाना गोऱ्या मालकाचा होता आणि नफा बेटाबाहेर जात होता. प्रवरेला कारखाना ऊसवाल्याचाच झाला आणि नफा गावात राहिला. कॉलेज, दवाखाना, रस्ते त्यातून झाले. लुईस यांच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाला महाराष्ट्राने दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते लहान नाही.

पण उरलेला अर्धा भाग? ऊस तोडतो कोण? दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीडकडून, मराठवाड्याच्या आणि नगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून बैलगाड्या आणि ट्रक निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. टनामागे दर ठरतो. उसाचं उत्पादन वाढलं, साखरेचा उतारा वाढला, कारखान्यांची क्षमता कितीतरी पट वाढली. तोडणीवाल्याच्या दराचा या वाढीशी संबंध किती? संप झाले, लवाद बसले, दर वाढले, हे खरं आहे आणि ते लढून मिळवलेलं आहे. पण उचल घ्यायला माणूस तयार होतो तो कशामुळे? त्याच्या गावी पावसाच्या भरवशावरच्या दोन-चार एकरांत जे काही पिकतं, त्यामुळे. लुईस यांच्या हिशेबातला उष्ण देश शोधायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. एकाच राज्यात पाटाच्या पाण्याचा पट्टा आणि कोरडवाहू पट्टा शेजारी-शेजारी आहेत.

म्हणून मला वाटतं, १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली आणि १९७७ मध्ये कायदा झालेली रोजगार हमी योजना ही वि. स. पागे यांची कल्पना लुईस यांच्या विचाराशी अगदी जवळून जुळते. मागेल त्याला गावाजवळ काम, ठरलेल्या मजुरीवर. म्हणजे काय केलं? मजुराच्या पायाखालची जमीन थोडी वर उचलली. घरी काहीतरी मिळण्याची खात्री असली, की माणूस बाहेर नाही म्हणू शकतो. आणि नाही म्हणता येणं ही माझ्या विषयातली फार मोठी गोष्ट आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला करार म्हणायचं का, हा प्रश्न तत्त्वज्ञान फार काळ विचारत आलंय.

आता आक्षेप सांगितले पाहिजेत, नाहीतर हे व्याख्यान न राहता कीर्तन होईल.

पहिला आक्षेप त्याच समितीतल्या शुल्ट्झ यांचा. शेतात माणसं जास्तीची आहेत, काढली तरी पीक घटणार नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी पुरावा भारतातलाच घेतला, १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा. आपल्या मुंबई इलाख्यातही त्या साथीने हाहाकार केला होता. शुल्ट्झ म्हणाले, साथीत शेतकरी मेले, त्यानंतर पेरा घटला. मग ही माणसं जास्तीची कशी? अमर्त्य सेन यांनी त्या युक्तिवादाला उत्तर दिलं आणि वाद बराच चालला. माझं मत असं, की ‘जास्तीची’ हा शब्द काटेकोर धरला तर शुल्ट्झ यांचा आक्षेप लागू पडतो. पण किमतीच्या हिशेबाला तेवढ्या काटेकोरपणाची गरजच नाही. मजुराला घरी काय मिळतं आणि त्या मजुरीवर यायला किती जण तयार आहेत, एवढंच तिथे लागतं. आणि मौज बघा, १९७९ चं नोबेल या दोघांना विभागून मिळालं.

दुसरा आक्षेप त्यांच्या घरचाच. कॅरिबियनमधल्या लॉइड बेस्ट आणि इतर तरुण विचारवंतांनी टीका केली, की लुईस परदेशी भांडवलाला आवतण देऊन कारखाने आणू पाहतात. मळ्यांची मालकी गेली आणि कारखान्यांची आली, तर बेटाच्या हाती काय राहिलं? या टीकेत तथ्य आहे. नफा पुन्हा गुंतवला जाईल असं लुईस धरून चालले. पण तो कुठे गुंतवला जाईल हे मालक कोण आहे त्यावर ठरतं.

तिसरा अनुभव घानाचा. १९५३ मध्ये तेव्हाच्या गोल्ड कोस्टसाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी सांगितलं, की कारखान्यांच्या आधी अन्नधान्याची शेती सुधारा. त्याला पहिला क्रम द्या. स्वातंत्र्यानंतर ते एन्क्रुमा यांचे सल्लागार झाले आणि दीडेक वर्षात मतभेद होऊन बाहेर पडले. राज्यकर्त्याला धरण, बंदर, कारखाना हवा असतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. ज्वारीच्या किंवा रताळ्याच्या वाढलेल्या उताऱ्याची फीत कापता येत नाही.

मग व्यापाराबद्दल त्यांचं शेवटचं म्हणणं काय? ते व्यापाराच्या विरोधात होते का? मुळीच नाही. नोबेलच्या भाषणात त्यांनी दाखवलं, की शंभर वर्षं श्रीमंत देशांचं औद्योगिक उत्पादन जितकं वाढलं त्याच्या सुमारे ०.८७ पट वेगाने कच्च्या मालाचा व्यापार वाढला. म्हणजे श्रीमंतांचं इंजिन मंदावलं की गरिबांचा डबाही मंदावतो. यावर उपाय म्हणून विकसनशील देशांनी एकमेकांशी व्यापार वाढवावा, असं ते म्हणाले. आणि १९७८ च्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की वाढीचं इंधन तंत्रातल्या सुधारणेतून यावं, व्यापाराने वंगणाचं काम करावं. वंगणाशिवाय यंत्र चालत नाही, पण नुसत्या वंगणावरही चालत नाही.

समारोप करतो. व्यापाराच्या चर्चेत आपल्याकडे दोन पक्ष असतात. एक म्हणतो, बाजार उघडा, सगळं ठीक होईल. दुसरा म्हणतो, जग आपल्याला लुटतंय, दारं लावून घ्या. लुईस दोघांनाही सांगतात, आधी आपल्या सगळ्यात गरीब शेताकडे बघा. तिथलं धान्य वाढलं नाही, तर बाजार उघडून होणारा फायदा दुसऱ्याला जाईल. आणि दारं लावून घेतली, तर तो घरातल्याच कुणा धनवानाला जाईल. कोरडवाहू शेतीचं संशोधन, पाणी, गावातलं काम यांवर होणारा खर्च हा दयेपोटी केलेला खर्च नाही. देशातल्या प्रत्येक कष्टाची किंमत तिथून ठरते.

ॲरिस्टॉटलला घर आणि जोडा यांचं प्रमाण हवं होतं. त्याने दोघांना समान नागरिक धरलं होतं, हे विसरू नका. गुलाम त्या हिशेबात नव्हता. लुईस यांनी हिशेबात त्याच माणसाला आणलं, जो बाहेर ठेवला होता. चहाचा पुढचा कप घेताना तो तुम्हाला स्वस्त का मिळतो याचा थोडा विचार करा, एवढीच विनंती.